पिकअप चालता चालता बंद पडतेय? पंपाला हात लावायच्या आधी हे बघा

मागे माल भरलेला, गाडी चढाला लागली की झटके द्यायला लागायची आणि बंद. दहा मिनिटं थांबायचं, सेल्फ मारला की जणू काही झालंच नाही अशी चालू, परत पाच-सात किलोमीटरवर तेच रडगाणं. माझ्या डिझेल पिकअपने मला दोन महिने असं छळलंय. फिल्टर दोनदा बदलला, एका मेकॅनिकने तर छातीठोकपणे हाय प्रेशर पंप (इंजिनला जोराने डिझेल ढकलणारा) गेलाय सांगून तो उतरवला, पंप चेक करून आणला, बसवला आणि तिसऱ्या दिवशी गाडी परत रस्त्याच्या कडेला. शेवटी काय निघालं ते पुढे सांगतो, पण तेव्हापासून माझा नियम एकच, टाकीच्या झाकणापासून सुरुवात करायची आणि पंप शेवटी.

सगळ्यात आधी गाडी बंद कशी पडते ते नीट बघा, अर्धं उत्तर तिथेच असतं. डिझेल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू मरते म्हणजे ओढ कमी होते, झटके येतात, ॲक्सिलेटर दाबला तरी आवाज बसल्यासारखा होतो आणि मग बंद. पण कुणीतरी चावी फिरवल्यासारखी एका क्षणात खल्लास होत असेल तर आधी इलेक्ट्रिकल बघा. गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तर चाकं इंजिनला फिरवतच असतात, अशा वेळी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला तर क्रँक सेन्सरवर (इंजिन किती फिरतंय हे सांगणारा) दाट संशय घ्यायचा, हा सेन्सर गरम झाला की सिग्नल सोडतो आणि थंड झाला की परत शहाण्यासारखा चालतो, त्यामुळे लोक डिझेलच्या मागे लागून महिने घालवतात. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीत पंपावर फ्युएल कट सोलेनॉइड म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असतो, चावी ऑन केल्यावर तिथे टक् असा आवाज यायला पाहिजे, नाही आला तर वायर हलवून बघा.

आता टाकी. काटा पाव दाखवतोय म्हणून पाव आहेच असं धरू नका, टाकीतला तरंगणारा फ्लोट अडकला की काटा थापा मारतो, म्हणून चेक करायच्या आधी थोडं डिझेल टाकून घ्या. मग झाकण. इंजिन डिझेल ओढतं तेवढी हवा टाकीत आत यावी लागते, तो श्वास घ्यायचा रस्ता मातीने बुजला की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी गुदमरते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, सूं करून जोरात हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी चालू झाली तर पुढच्या खेपेला झाकण सैल ठेवून थोडं चालवून बघा, नाही बंद पडली तर चोर सापडला.

मग फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत अर्धा कप डिझेल काढा आणि बाटली दहा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं आणि वर डिझेल, मधली रेघ स्वच्छ दिसते. काळा बुळबुळीत गाळ आला तर तो नुसता कचरा नाही, पाणी बरेच दिवस साचलं की तिथे बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते, मग नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते.

आता माझी सगळ्यात आवडती टेस्ट. फिल्टरमधून पंपाकडे जाणारा पाईप काढून त्या जागी वीतभर पारदर्शक डिझेलचा पाईप चांगल्या क्लिपा मारून बसवा, फिल्टरजवळचा हाताने दाबायचा छोटा हातपंप कडक होईपर्यंत मारून एअर काढा आणि गाडी चालू करून बघत बसा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येणारच, पण पाच मिनिटांनीही बारीक बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर गाडी कुठूनतरी एअर घेतेय. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही, टाकी ते पंप या भागात पंप ओढत असतो त्यामुळे तिथलं लीकेज बाहेर ठिबकत नाही, हवा आत घेतं, म्हणजे पाईप खडखडीत कोरडा दिसतो आणि तरी गाडी बंद पडते. जॉइंटवरचे ओ-रिंग, बँजो बोल्टचे (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) वॉशर, फिल्टरचं सील, हातपंप आणि चेसीला घासलेला पाईप, बहुतेक वेळा यातच असतं. (ज्या गाडीत टाकीतच इलेक्ट्रिक पंप आहे तिथे लाईन प्रेशरमध्ये असते, मग लीकेज बाहेर दिसतं.)

बुडबुडे नाहीत तरी बंद पडते? मग डबा टेस्ट. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा घ्या, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब घट्ट बांधा, फिल्टरकडे येणारा टाकीचा पाईप काढून त्या जागी डब्यातून पाईप द्या आणि रिटर्नचा पाईपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) त्याच डब्यात सोडा, नाहीतर डबा बघता बघता रिकामा होतो. डब्यावर गाडी अर्धा तास आरपीएम वाढवून मस्त चालली आणि टाकीवर तशीच उभी ठेवून चालवली की मरतेय तर दोष फिल्टरच्या मागे आहे, टाकी, टाकीतल्या नळीच्या तोंडावरची जाळी किंवा पाईप. डब्यावरही मरतेय तर फिल्टरपासून पुढे. ही टेस्ट पेट्रोल गाडीवर अजिबात करू नका, आग लागेल.

माझी गाडी डब्यावर एकदम गुणी पोरासारखी चालली. मग टाकीचा पाईप सोडून झाकण उघडं ठेवलं आणि टाकीच्या दिशेने हळू हवा मारली, आधी काहीच नाही आणि मग एकदम बुडबुड आवाज. टाकी उतरवली तर आत ऑइलच्या डब्याच्या तोंडावर असतं ना ते चंदेरी गोल सील, तळाशी पडलेलं, मधोमध जाळीच्या नळीचा गोल वळ उमटलेला. चढाला लोड आला की ओढ वाढायची, सील जाळीला चिकटायचं, इंजिन बंद झालं की सुटून खाली. कधीतरी डब्याने डिझेल ओतताना माझ्याच हातून पडलं असणार, दोष कुणाला देणार!

दोष पुढच्या बाजूला निघाला तर मात्र स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लागतोच. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल मिळतं ती) आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता, रेल प्रेशर साधारण २५० ते ४०० बार असतं, फुल लोडवर बऱ्याच गाड्यांत ते १,६०० च्या आसपास किंवा पुढे जातं, कोड पी ००८७ आला म्हणजे प्रेशर मागितलं तेवढं मिळत नाहीये. पण हा कोड बघून लगेच पंप बदलणारे खूप, चोक झालेल्या फिल्टरलाही हाच कोड येतो. इंजेक्टर (इंजिनमध्ये डिझेल फवारणारे नोझल) बघायला प्रत्येकाच्या रिटर्नला एकसारखी छोटी बाटली लावा आणि दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा, एक बाटली बाकीच्यांपेक्षा दुप्पट भरली तर तो इंजेक्टर प्रेशर खातोय. सिग्नलला ब्रेक मारला की आयडल वरखाली होऊन बंद पडत असेल तर पंपावरचा, डिझेल कमी-जास्त करणारा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकतोय का बघा. आणि एक, चालू इंजिनवर हाय प्रेशरचा पाईप सैल करून बघायची जुनी सवय सोडा, ती धार कातडी फोडून आत घुसते, बाहेरून टाचणीएवढं भोक दिसलं तरी तातडीने हॉस्पिटल गाठावं लागतं.

पेट्रोल पिकअप असेल तर काम सोपं. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन सेकंद घूं आवाज येतो का ऐका, नसेल तर फ्यूज आणि रिले, तसाच दुसरा रिले बदलून बघा. आवाज येतोय तरी मरतेय तर प्रेशर गेज लावा, साध्या पोर्ट इंजेक्शनला ३ ते ४ बारच्या आसपास हवं आणि पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा, बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी येत असेल तर पंप नाही, वायर किंवा अर्थिंग खराब आहे.

डिझेलचा पंप खरंच गेलाय हे ओळखायचं असेल तर जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरा. चंदेरी चमचम दिसली तर पंप आतून घासतोय आणि तो भुगा इंजेक्टरपर्यंत पोचलेला असू शकतो, अशा वेळी नुसता नवा पंप बसवू नका, रेल, पाईप, टाकी सगळं साफ करून आणि इंजेक्टर चेक करूनच गाडी चालू करा.