नावेतला दिवा लागत नाही? बटण बदलायच्या आधी मायनस बघा

निपाणीत माझं ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींच्या वायरिंगचं दुकान आहे. नावेशी संबंध आला तो दाजींमुळं. त्यांचं घर येडूरच्या अंगाला, कृष्णाकाठी. चौदा फुटी फायबरची नाव, तिच्यात बारा व्होल्टची बॅटरी, काठाला एक बटण आणि पुढच्या टोकाला पांढरा दिवा. पहाटे अंधारात जाळी काढायला जातात, तेव्हा तो दिवा हवाच. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली जायच्या आधी नाव वर ओढतात आणि दिवाळीच्या सुमाराला परत पाण्यात घालतात. गेल्या दिवाळीत फोन आला, "तिसरं बटण घातलंय बघ, तरी दिवा लागतोय आणि जातोय."

तीन बटणं गेली आणि दोष बटणात नव्हताच. बहुतेक वेळा असंच होतं. हात पोचतो ते बटण, म्हणून माणूस आधी तेच बदलतो.

ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यानं नावेत उतरताना एक सवय काठावर ठेवावी. ट्रॅक्टरला बॉडी असते. दिव्याला प्लसची एक वायर नेली की करंट लोखंडातून आपोआप बॅटरीकडं परत येतो. फायबर किंवा लाकडातून करंट जात नाही. तिथं परतीची, म्हणजे मायनसची, वायर वेगळी ओढलेली असते, आणि ती बहुधा तळाच्या फळ्यांखालून, पाण्यातून गेलेली असते. लोखंडी नाव असली तरी परतीच्या वाटेला बॉडी वापरू नका. करंट पाण्यातून जायला लागला की पत्रा खाल्ला जातो.

काम नाव काठावर असतानाच करा. पेट्रोलचं इंजिन असेल तर टाकी बाजूला काढा आणि फळ्या उचलून वारा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसून राहते आणि एका ठिणगीनं पेट घेते. मग मल्टिमीटरनं बॅटरीचे व्होल्ट मोजा. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बाराच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, पुढचं सगळं नंतर. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, काढून मीटरच्या बीपवर लावून बघा, वाजला तर चांगला. एका दिव्याला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. २१ वॅटचा बल्बसुद्धा पावणेदोन अँपिअरच घेतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती आत्ताच्या आत्ता काढा. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, वायर पेटते आणि फायबरही जळतं.

दिवा थेट बॅटरीला लावून बघा. एलईडी असेल तर प्लस-मायनस उलटं झाल्यावर बहुधा लागत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आता बटण. साधं दोन पिनांचं असेल तर मागच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा, फ्यूज मात्र जागेवर असू द्या. दिवा लागला तर बटण खराब. नाही लागला तर बटणाला हात लावू नका, दुकानात जाऊ नका.

दाजींच्या नावेत तो लागला नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरली आणि लाल पिन दिव्याच्या प्लसला. १२.४. बऱ्याच जणांची इथंच फसगत होते, करंट आलाय म्हणून ते दिव्यालाच दोष देतात. मी लाल पिन दिव्याच्या मायनसला लावली. बटण चालू असताना तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. आलं १२.३. व्होल्ट दिव्यातून पुढं पोचले होते, परतीची वाट बंद होती.

वायर वरून चांगली दिसत होती, काळं प्लास्टिक, कुठं चीर नाही. थिंबलपासून, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यापासून, चार बोटांवर अंगठ्यानं दाबली तर आत काहीच नसल्यासारखी मऊ लागली. ब्लेडनं सोलली. तांबं कुठं हिरवं, कुठं काळं, आणि चिमटीत धरल्यावर त्याचा तंबाखूसारखा चुरा झाला. दोन-तीन तारा तेवढ्या शाबूत होत्या, वायर हलली की टेकत आणि सुटत. ही वायर २०१९ च्या महापुरात भिजलेली. वरून पुसून तशीच वापरली होती, पण पाणी कापलेल्या टोकातून बारीक तारांच्या मधून आत ओढलं जातं आणि तिथंच राहतं.

अशा वायरीवर मीटर कधीकधी पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट लागतोच किती? म्हणून मी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट जवळ ठेवतो. वायरीच्या टोकाला तो लावा. ढणढणीत पेटला तरच वायर चांगली.

बटणात लाल बत्ती असेल तर पिना तीन असतात, तिसरी मायनसची, बहुधा पितळी रंगाची. दिव्याची वायर आणि ही मायनसची वायर एकमेकींच्या जागी गेल्या तर बटण दाबताच फ्यूज उडतो. बत्ती कायम पेटलेली राहिली तर बॅटरीची वायर दिव्याच्या पिनेवर बसलीय.

नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची घ्या. तुकडा जोडू नका, दिव्यापासून बॅटरीपर्यंत अखंड ओढा. थिंबल पक्कडीनं चेपू नका, दाबायच्या हत्यारानंच दाबा. वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, बसवा. नुसती टेप दोन महिन्यांत सुटते. बटणाच्या खाली वायरीला जरा झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावा.

मग दिवा लावून फळ्यांवर चालून बघा, वायर जागोजागी हलवा. वीस मिनिटांनी बटणाच्या मागच्या पिनांना बोट लावा. गरम लागल्या तर थिंबल कापून नवं दाबा.