हत्यारांच्या पेट्या छोट्या गॅरेजात ठेवाव्या कशा, हलवाव्या कशा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांपर्यंत गेली, तेव्हा आमची सगळी हत्यारं एकाच मोठ्या लोखंडी पेटीत होती. दोघांनी मिळून ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत कशीबशी नेली आणि तिथंच सोडली. पाणी ओसरल्यावर पकडीच्या खिळीत गाळ असा बसला होता की ती उघडेना. तेव्हापासून पेटी म्हटली की मी आधी वजन विचारतो.

सुरुवातीला जुनी चादर अंथरून सगळं ओता आणि कामाप्रमाणे ढीग करा: नळाचं, विजेचं, सुतारकामाचं, गाडीचं. सगळे पाने एका पेटीत, सगळे स्क्रू ड्रायव्हर दुसरीत, ही मांडणी दिसायला छान. पण नळ गळायला लागला की तीन पेट्या उघडाव्या लागतात. पक्कड दोन घ्याव्या लागतील. तेवढा खर्च सोसा.

आता प्रत्येक ढिगाला एक पेटी. पेटी भरली की ती हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. 12 किलोच्या वर गेली तर दोन पेट्या करा. हातोडी, रिंग पाने असं जड सामान तळाशी आणि मधोमध ठेवा, नाहीतर उचलताना पेटी एका बाजूला कलते. दोन्ही कड्या लावल्यात ना, हे बघून पेटी आधी वीतभरच उचला. कडी सुटली की पाने नेमके पायावरच येतात.

रॅक लोखंडी अँगलचा, भिंतीला बोल्टने आवळलेला हवा. पहिली फळी जमिनीपासून फूटभर वर ठेवा, म्हणजे गाडी धुताना पाणी लागत नाही. जड पेट्या गुडघा ते कंबर या उंचीत; डोक्यावरच्या फळीवर फक्त हलकं सामान. मूठ बाहेरच्या बाजूला, आणि पेटीत काय आहे ते समोरच रंगाने लिहा.

जागा अगदीच कमी असेल तर 18 मिमी प्लायच्या तुकड्याला चार चाकं लावून ट्रॉली करा. फरशी उंचसखल असली की एक चाक अधांतरी राहतं, म्हणून तीन चाकांना पेलेल तेवढंच वजन धरा. गॅरेजच्या फरशीला बहुधा फाटकाकडे उतार असतो. दोन चाकं ब्रेकची घ्या.

पावसाळ्याआधी हत्यारांवर मशीन ऑइलचा हात फिरवा. ड्रिलच्या बॅटऱ्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, घरात आणा.

नदी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की आमच्याकडे ड्रिलची पेटी सगळ्यात आधी वर जाते, मग विजेची, मग गाडीची. पहार आणि घमेलं खालीच राहतात. नंतर धुऊन तेल लावलं की झालं.