पुराच्या आधी पानाची तयारी

कृष्णा चढायला लागली की सांगलीत एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?", म्हणजे नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधल्या लोकांना हे आकडे पाठ आहेत. तुमचं मंडळ किंवा ग्रामपंचायत पूरमाहितीचं वेबपान चालवणार असेल, तर त्याचं मार्कअप, म्हणजे पानामागचे एचटीएमएल टॅग, मे महिन्यातच तपासून घ्या. जुलैत कुणाला सवड नसते.

सगळ्यात आधी पाणीपातळीचा आकडा चित्रातून बाहेर काढा. तक्ता डिझाइन करून जेपीजी टाकायची सवय सगळीकडे आहे, आणि ज्या अंध माणसाला घर सोडायचं की नाही हे ठरवायचंय, त्याच्या कानावर त्यातून फार तर फाइलचं नाव पडतं. तक्ता खऱ्या टेबल टॅगमध्ये लिहा. वरची ठिकाणं आणि डावीकडच्या वेळा टीएचमध्ये, म्हणजे शीर्षकाच्या चौकटीच्या टॅगमध्ये घेऊन त्यांना स्कोप लावा, म्हणजे ते शीर्षक ओळीचं की स्तंभाचं ते कळतं. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळांनी फिरून बघा: खाली सरकलं की आधी वेळ ऐकू येते, उजवीकडे सरकलं की आधी ठिकाण, मग आकडा. फूट-इंचांसाठी वरच्या रेघा नकोत. '४२ फूट ६ इंच' असं अक्षरी लिहा. धोक्याची ओळ नुसती लाल करून भागत नाही, त्यात 'धोका' हा शब्द हवा. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं तर नकोतच. अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान ४.५ ला १ ठेवा.

मजकूर कुठून येतो तेही बघा. छापखान्यातून आलेलं पत्रक बरेचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतं. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचत सुटतो. आधी युनिकोडमध्ये बदला, मगच चिकटवा. एचटीएमएल टॅगवर भाषेचा कोड 'एमआर' द्या. तो नसेल तर मशीनवर मराठी आवाज असूनही मजकूर दुसऱ्याच आवाजात वाचला जाऊ शकतो.

सरकती पट्टी काढाच. ती पळवणारा मार्की टॅग कधीच कालबाह्य झालाय, आणि ज्याला सावकाश वाचावं लागतं त्याच्या हातून ती ओळ निसटते. ताजी सूचना एच-वनच्या, म्हणजे पानाच्या मुख्य हेडिंगच्या लगेच खाली, तारीख-वेळेसह ठेवा. पुढे पाणीपातळी, बंद रस्ते, निवारा केंद्रं, मदतीचे फोन यांना एकेक एच-टू, म्हणजे उपहेडिंग द्या. डिव्ह या साध्या टॅगमधली ठळक मोठी अक्षरं म्हणजे हेडिंग नव्हे. स्क्रीन रीडरमध्ये एच कळ दाबत हेडिंगांवरून उड्या मारणाऱ्याला ती सापडत नाहीत. नकाशा जरूर लावा, पण बंद रस्त्यांची नावं खाली यादीतही लिहा.

फोन नंबर दाबला की थेट कॉल लागला पाहिजे. त्या लिंकवर 'इथे क्लिक करा' नको, कुठल्या केंद्राचा नंबर ते लिहा. बटणासाठी बटन टॅगच वापरा. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दाबायच्या जागेसाठी किमान २४ पिक्सेल सांगितले आहेत. भिजलेल्या बोटांसाठी मी दुप्पट ठेवते. पानाच्या कोडमध्ये झूम अडवणारी व्ह्यूपोर्टची ओळ दिसली तर उडवा. मदतीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक चौकटीला लेबल हवं, आतला फिका मजकूर टाइप करायला लागताच नाहीसा होतो.

मग वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या मोफत व्हॅलिडेटरमधून, म्हणजे टॅगमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनातून पान काढा, माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने फिरा, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून ऐका. तरी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बोलवून, मानधन देऊन पान तपासून घ्याच. तिला जे अडतं ते व्हॅलिडेटरला कळत नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तशा रात्री रेंज कमी आणि फोनची बॅटरी संपत आलेली असते, म्हणून जड स्लायडर आणि स्वागताचे फोटो पावसाळाभर उतरवा.

राहिला रात्री आकडे भरणारा कार्यकर्ता. त्याला एचटीएमएल लिहायला लावू नका. वेळ, ठिकाण, फूट, इंच एवढ्या चौकटींचा फॉर्म करून द्या, म्हणजे तक्त्याची ओळ आपोआप नीट तयार होईल, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून एकदा भरून घ्या.