सोयाबीन विकायच्या आधी एवढं बगा

लातूर, उदगीर, हिंगोली कुठंबी असा, दिवाळीच्या तोंडावर सगळेच माल काढतात अन् सगळेच विकतात, मग भाव पडणारच की. म्हणून आधी माल वाळवा. ओलावा 12 टक्क्यांच्या आत पायजे, मशीन नसंल तर दाताखाली दाणा कडकन फुटतो का बगा, चेपला तर अजून उन्हात टाका. घरून निघताना धर्मकाट्यावर वजन करून पावती खिशात ठेवा. माझ्या चुलत्याला एका अडत्यानं क्विंटलमागं 2 किलो कट्टी, म्हंजी वजनात कपात, लावली, 50 क्विंटलला 100 किलो गेलं की फुकट!

मग एकाच आडतीला चिकटू नका. दोन बाजार समित्यांचा अन् थेट खरेदी करणाऱ्या ऑइल मिलचा भाव फोनवर इचारा, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करून हातात काय पडतं ते मांडा. गिऱ्हाईक वाढलं की भाव बोलतो, हमीभावाच्या रांगेपेक्षा मला तेच पटतं. 2016 ला राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळा केला, सोयाबीनला तेवढी मोकळीक का नाही हे आमदारांना इचारा, निवडणुकीतच नाही, एरवीबी.

थांबायची ऐपत असंल तर डब्लूडीआरए (केंद्राची गोदामांवर देखरेख करणारी संस्था) नोंदणीच्या गोदामात माल ठेवा, ठेवलेल्या मालाच्या ई-पावतीवर बँक कर्ज देती. पण व्याज अन् गोदामभाडं आधी मोजा. अन् हां, 2021 च्या डिसेंबरात सेबीनं, म्हंजी बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे आजच ठरणारे सौदे) बंद केले, त्यामुळं पुढचा भाव बगायची खिडकीच गेली.