स्लरी टँकरला ड्राइव्ह ॲक्सल बसवताय? हंगामाआधी हे बघून घ्या

स्लरीने, म्हणजे शेण-मुताच्या पातळ खताने, भरलेला टँकर चढावर किंवा ओलसर रानात अडतो तेव्हा बहुतेक वेळा ट्रॅक्टरचं इंजिन कमी पडत नाही, चाकांची पकड कमी पडते. 10,000 लिटर स्लरी म्हणजे जवळपास 10 टन, वर टँकरचं स्वतःचं वजन. यातलं बरंचसं ओझं टँकरच्या चाकांवर असतं आणि ती चाकं नुसती ओढली जातात. त्याच चाकांना ताकद दिली, म्हणजे ड्राइव्ह ॲक्सल बसवला, की ते ओझं पकडीच्या कामी येतं. मात्र हे काम टँकर रिकामा असतानाच काढा. रानात स्लरी पसरायची वेळ तोंडावर आली की चाचणी राहून जाते.

ताकद दोन मार्गांनी देता येते. ट्रॅक्टरच्या चाकांच्या वेगाशी बांधलेल्या पीटीओवरून (अवजारांना ताकद देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) शाफ्टने ॲक्सल फिरवणं हा पहिला मार्ग. त्यात ट्रॅक्टर आणि टँकर या दोन्हींच्या चाकांचा वेग जुळलाच पाहिजे. टायर झिजले किंवा बदलले तरी गणित चुकतं आणि सगळा ताण गिअरवर येतो. शिवाय व्हॅक्यूम टँकरचा पंप बहुधा पीटीओवरच चालतो. म्हणून जुन्या टँकरला नव्याने जोडणी करायची असेल तर मी दुसरा मार्ग, म्हणजे ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर फिरणारी हायड्रॉलिक मोटरच सुचवेन. तेल मोटरमध्ये जेवढं जातं त्यावर वेग ठरतो, दाबावर जोर ठरतो; जोराची मर्यादा रिलीफ व्हॉल्व्हने (ठरावीक दाबाला उघडणारी झडप) बांधता येते.

ट्रॅक्टर किती तेल देतो ते आधी मोजा. मिनिटाला 100 लिटर आणि 200 बार दाब असेल तर (लिटर गुणिले बार, भागिले 600) साधारण 33 किलोवॅट मिळतात. गळती आणि घर्षण वजा जाता 26 धरा. ताशी 6 किलोमीटर वेगाला यातून सुमारे 16 किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून थोडा जास्त ढकल मिळतो. वेग निम्मा केला तर ढकल दुप्पट, पण त्यासाठी मोटर मोठी किंवा वेग जास्त कमी करणारा गिअर हवा. टँकरला ट्रकचा जुना ॲक्सल लावणार असाल तर लक्षात घ्या, तो रस्त्यावरच्या वेगासाठी बनलेला असतो. हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) गिअर असलेला मिळाला तर तोच घ्या, मोटरवरचा भार खूप हलका होतो.

मोटरची ड्रेन नळी, म्हणजे आत झिरपलेलं तेल परत नेणारी नळी, थेट तेलाच्या टाकीत, विना अडथळा गेली पाहिजे. ती दबली की मोटरचं सील फुटतं आणि तेल रानात सांडतं. रस्त्यावर मोटर चाकांपासून पूर्ण सुटी होते का, हेही बघा. न सुटलेली मोटर वेगात पंपासारखी वागून तापते.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. मागून ढकलणारा टँकर वळणावर ट्रॅक्टरला आडवा करू शकतो, उतारावर तर आणखी सहज. म्हणून ब्रेक दाबताच, जोराने वळताना आणि उतारावर ड्राइव्ह बंद होणारी यंत्रणा हवीच. केवळ चालकाच्या लक्षावर सोडू नका. ॲक्सल बदलताना ब्रेकही पूर्ण भाराचे घ्या. नक्षीदार टायर टँकरला कधीकधी उलटे बसवलेले असतात, ते ओढ घेण्याच्या दिशेने फिरवा.

चासीवर वेल्डिंग करण्याआधी टाकी रिकामी करून धुवा आणि हवा खेळती करून घ्या. स्लरीतून निघणारा मिथेन पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड तर जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून वासावर भरवसा ठेवू नका. साफसफाईसाठी टाकीत कुणीही उतरू नये. आतल्या माणसाला वाचवायला उतरलेलेही असेच बळी पडतात.

रानाच्या बाबतीत स्वतःला आवर घाला. चाकं फिरून माती लोणी होणं या ॲक्सलने कमी होतं, पण ओझ्याने खालचा थर दाबला जाणं थांबत नाही. हाताच्या मुठीतली माती गोळा होऊन चिकटत असेल तर टँकर बाहेरच उभा राहू द्या. रानात शिरताना टायरची हवा उत्पादकाने त्या भाराला व वेगाला दिलेल्या किमान आकड्यापर्यंत उतरवा, रस्त्यावर परत भरा.

पहिली चाचणी सपाट, कोरड्या जागेवर रिकाम्या टँकरने घ्या, मग स्लरीऐवजी पाणी भरून. वजन जवळपास तेवढंच असतं. थोडं अंतर चालवून चाकाचे नट आणि ॲक्सलचे यू-बोल्ट पुन्हा कसा. पहिल्या दिवसभराच्या कामानंतर आणखी एकदा.