खिडकीतला कूलर धरून भिंतीचा रंग ठरवा

दुकानात शेडकार्डावर बघितलेला फिका क्रीम घरी पिवळाधमक दिसतो, राखाडी निळसर निघतो. अशा वेळी रंग मिसळणाऱ्याची चूक क्वचितच असते. रंग बघितलेला असतो दुकानाच्या ट्यूबखाली, दोन बोटांच्या चौकोनात; लागतो वेगळ्या उजेडात आणि चार भिंतींवर. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, म्हणून तो आणखी दाट वाटतो. कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या.

शेड पसंत करण्याआधी खोली बघा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावल्यावर, अशी चार वेळा. खान्देशात एक वेळ आणखी धरावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. मार्च ते जून खिडकीत कूलर बसतो आणि निम्मा उजेड तिथेच अडतो. अंगणावर हिरवी शेडनेट ताणली की उरलेला उजेडही हिरवट होऊन आत येतो. रावेर-यावलकडे खिडकीबाहेर केळीची बाग असली तरी हेच. तिथे फिका गुलाबी मळकट दिसतो, पांढऱ्यावर हिरवी झाक चढते. अशा खोलीत किंचित पिवळसर किंवा बदामी झाक असलेला ऑफव्हाइट टिकून दिसतो. दिवाळीत पसंत केलेला रंग मे महिन्यात उदास वाटतो, त्यामागे बहुतेक वेळा हा कूलरच असतो.

आता दिशा. सगळ्यात त्रासाची खोली पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर ऊन थेट भिंतीवर येतं आणि संध्याकाळकडे नारिंगी होत जातं. पीच किंवा पिवळा तिथे भगवा होतो, शुभ्र पांढरा डोळ्यांना लागतो. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा शेडकार्डावर अनेक शेडचा एलआरव्ही दिलेला असतो: रंग किती उजेड परत फेकतो, ते 0 ते 100 मध्ये सांगणारा आकडा. पश्चिमेच्या खोलीत 50 ते 65 मधला, राखेची झाक असलेला फिका हिरवा किंवा निळा घ्या. संध्याकाळच्या उन्हात तो शांत दिसतो.

उत्तरेची खोली वर्षातला बराच काळ थंड, निळसर आणि एकसारख्या उजेडाची असते. राखाडी तिथे गारठलेला दिसतो, म्हणून उबदार झाकेचा फिका रंग बरा. जळगाव साधारण 21 अंश अक्षांशावर असल्यामुळे मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. तेव्हा घेतलेल्या नमुन्यावर सगळ्या वर्षाचा निर्णय करू नका. दक्षिणेला उलट, हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, उन्हाळ्यात जवळजवळ नाही. पूर्वेची खोली सकाळी छान, दुपारनंतर फिकी. तिथे फारसं चुकत नाही.

जुन्या गावभागातल्या मधल्या खोलीला खिडकीच नसते, त्यात खाली काळपट शहाबादी फरशी. लोक तिला पांढरीशुभ्र करून मोकळे होतात. पण पांढऱ्याला परत फेकायला उजेडच मिळत नाही, आणि तो कोपऱ्यांत राखेसारखा दिसतो. छत पांढरं ठेवा, भिंतीला 70 ते 80 एलआरव्हीचा उबदार क्रीम द्या, आणि या खोलीत दिवा आधी ठरवा, रंग नंतर. 6500 केल्विनचा निळसर पांढरा एलईडी क्रीम आणि बदामी रंगांचा जीव काढून घेतो. 3000 चा पिवळसर दिवा फिक्या निळ्याला हिरवट करतो. 4000 चा मधला दिवा बहुतेक रंगांना सांभाळून घेतो. खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते 100 पैकी सांगणारा आकडा. 80 चालतो, 90 असेल तर रंग खरा दिसतो.

नमुना थेट जुन्या भिंतीवर मारू नका, शेजारचा जुना रंग नजर फसवतो. दोन बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड घ्या, प्रायमर लावा, कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडून इमल्शनचे दोन हात द्या. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर गडद होतं आणि चुना फिका पडतो. मग तो तुकडा खिडकीच्या भिंतीवर, समोरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यात, असा फिरवून दोन दिवस बघा. कपाट, पडदे, फरशी त्याच्या शेजारी दिसली पाहिजेत.

खिडकीतून भिंतीला घासून जाणारा उजेड लांबीच्या (पुट्टीच्या) लाटा उघड्या पाडतो. रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. जिथे सावली पडते तिथे पुन्हा लांबी भरून घासा. अशा भिंतीला चमकदार रंग नको, मॅट घ्या.

माप असं: 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की साधारण 400. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हातांचे 120 ते 140 चौरस फूट होतात, म्हणजे तीन ते साडेतीन लिटर, चार घ्या. सगळे डबे एकाच वेळी टिंट करून आणा आणि मोठ्या बादलीत एकत्र करा. नंतर आणलेल्या डब्यात शेड जराशी हलली, तरी मधल्या भिंतीवर जोड दिसतो.

काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढलेलं उत्तम. 43-44 अंशांत रंग रोलरखालीच वाळतो, पट्टे उठतात. मग कारागीर पाणी वाढवतो आणि रंग भिंतीला झाकत नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पश्चिमेची भिंत सकाळी सात ते अकरामध्ये उरका. कूलरजवळच्या भिंतीवर ओल असेल तर आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि बुरशीचे डाग साफ करून मगच प्रायमर लावा. नाहीतर पुढच्या मेमध्ये तिथेच पापुद्रे सुटतात.