झुकिनी लाझान्याला पाणी सुटत असेल तर

लाझान्यात (पास्त्याच्या पट्ट्या, सॉस आणि चीज यांचे थर लावून भाजलेला इटालियन पदार्थ) पास्त्याच्या पट्ट्यांऐवजी झुकिनी (काकडीसारखी दिसणारी फळभाजी) घातली की कर्बोदकं खूप घटतात. शिजलेल्या १०० ग्रॅम पास्त्यात ती साधारण २५ ते ३० ग्रॅम, तर झुकिनीत ३ च्या आसपास. पण माझ्याकडे दर वेळी तळाशी पाणी साचायचं आणि कापताना थर घसरायचे. अगदी वैताग आला होता.

चीज वाढवलं, जास्त वेळ भाजलं, सॉसमध्ये कॉर्नफ्लोअर घातलं. पाणी हटेना, वर कॉर्नफ्लोअरमुळे कर्बोदकं परत आली. झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं. ते थर लावण्याआधीच काढावं लागतं.

शेवटी जमलं ते असं. झुकिनी उभी, ४-५ मिलिमीटर जाड कापा. याहून पातळ पट्ट्यांचा लगदा होतो. दोन्ही बाजूंना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, मग कापडाने दाबून कोरड्या करा. सॉसमध्ये मीठ कमीच घाला. आता पट्ट्या एकमेकींवर न चढवता २२० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. कडा तांबूस झाल्या की जाळीवर पसरून गार करा. ढीग केला तर वाफेचं पुन्हा पाणी होतं.

सॉस इतका आटवा की चमचा फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसावा. रिकोटा (मऊ, ओलसर चीज) असेल तर फडक्यात बांधून निथळा. थर लावून १९० अंशांवर, न झाकता, अर्धा तास भाजा. बाहेर काढल्यावर २० मिनिटं सुरी लावू नका. ही पायरी टाळण्याचा मोह होतोच, पण थर याच वेळात घट्ट बसतात.